जालना जिल्ह्यातील लोहमार्ग आणि जनावरांचे अपघात : निवारणव्यवस्थेचा ऐतिहासिक विचार

१

मराठवाड्यातील लोहमार्गाचा इतिहास आजवर बहुधा तीन अंगांनी लिहिला गेला आहे : निजाम सरकारने कंपनीला दिलेली व्याजाची हमी, कापूस व गळिताच्या धान्याचा मुंबईशी वाढलेला व्यापार, आणि १९४८ च्या सप्टेंबरातील पोलीस कारवाईपर्यंतच्या राजकीय घडामोडी. या तिन्ही अंगांचे महत्त्व निर्विवाद आहे. परंतु ज्या शिवारांतून हा मार्ग काढण्यात आला त्या शिवारांत गुरे चरत होती, हरणांचे कळप हिंडत होते. त्यांच्या वाटा रुळांनी छेदल्यावर पुढे काय झाले, आणि धावती गाडी व जनावर यांची टक्कर टाळण्याचा भार कोणी कोणावर टाकला, याचा विचार त्या मानाने फार थोडा झाला आहे.

प्रथमदर्शनी हा विषय क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. मात्र २० ऑगस्ट १९९५ रोजी उत्तर प्रदेशात फिरोजाबादजवळ जे घडले ते ध्यानात घेतले असता हा समज टिकत नाही. त्या रात्री कालिंदी एक्स्प्रेसची एका नीलगाईशी टक्कर झाली. तीत ब्रेक बिघडून गाडी रुळावरच खोळंबली, आणि मागून आलेली पुरुषोत्तम एक्स्प्रेस तिच्यावर आदळून तीनशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. हीच नीलगाय मराठवाड्यात रोही या नावाने ओळखली जाते आणि जालना जिल्ह्यातील शेतकऱ्यांना ती चांगलीच परिचित आहे. जनावरास वाचविण्याचा प्रश्न व प्रवाशास वाचविण्याचा प्रश्न हे दोन वेगळे प्रश्न आहेत, ही समजूत या एका घटनेने खोटी ठरविली.

प्रस्तुत निबंधात जालना जिल्ह्यातून जाणारा मनमाड–सिकंदराबाद मार्ग हा मध्यबिंदू मानून या निवारणव्यवस्थेचा मागोवा घ्यावयाचा आहे. या विवेचनातून एक गोष्ट स्पष्ट होईल असे वाटते : या व्यवस्थेची वाढ धोक्याच्या प्रमाणात न होता जनावराच्या मालकीच्या अनुरोधाने होत गेली. ज्या जनावरास धनी होता त्याच्यासाठी कायदा झाला. ज्यास धनी नव्हता ते कायद्याच्या व नोंदीच्याही बाहेर राहिले.

२

हैदराबाद संस्थानातील पहिला लोहमार्ग वाडी ते सिकंदराबाद हा १८७४ साली सुरू झाला. पुढे निजाम्स गॅरंटीड स्टेट रेल्वे या कंपनीच्या द्वारे संस्थानातील मार्गांचा विस्तार झाला, आणि गोदावरीच्या खोऱ्यातून मनमाडपर्यंत जाणारा ३९१ मैलांचा मीटरगेज मार्ग १९०१ च्या सुमारास वाहतुकीस पूर्णपणे खुला झाला. आजच्या जालना जिल्ह्यात या मार्गावर बदनापूर, जालना, रांजणी, पारडगाव, परतूर, सातोना ही स्थानके आहेत. जिल्हा म्हणून जालन्याची निर्मिती १ मे १९८१ रोजी झाली. तत्पूर्वी हा मुलूख मुख्यतः औरंगाबाद जिल्ह्याचा भाग होता.

मार्गाच्या बांधणीचा काळ आणि १८९९–१९०० च्या भीषण दुष्काळाचा काळ एकच होय, ही गोष्ट प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. दुधनेच्या खोऱ्यातील हा प्रदेश सपाट, काळ्या जमिनीचा व पर्जन्यछायेतील आहे. चारा व पाणी यांसाठी गुरांनी व रानटी जनावरांनी लांबवर भटकणे हा येथील जीवनाचा जुनाच क्रम आहे. अशा मुलखात मातीचा भराव घालून रुळांची रेघ ओढली गेली. भरावासाठी दोन्ही बाजूंची माती उपसली गेली. त्या खड्ड्यांत पावसाचे पाणी साचू लागले. लोहमार्गाच्या हद्दीत नांगर चालत नसल्यामुळे तेथे गवत वाढले. सभोवारची जमीन जसजशी पिकाखाली गेली आणि गायराने आकसत गेली, तसतसा रुळांलगतचा हा चिंचोळा पट्टा अनेक ठिकाणी गवताचा सलग असा शेवटचा पट्टा उरला. जनावरांच्या वाटेत लोहमार्ग आडवा आला हे तर खरेच. परंतु त्याने जनावरांना आपल्याकडे ओढूनही घेतले, हे त्याच्या बांधणीतच अंतर्भूत होते.

३

या परिस्थितीस कायद्याने दिलेले उत्तर समजून घ्यावयाचे तर इंग्लंड व अमेरिका या दोन देशांतील परंपरांकडे पाहणे आवश्यक आहे.

इंग्लंडमध्ये १८४५ च्या कायद्याने लोहमार्गाच्या दोन्ही बाजूंस कुंपण घालण्याचे व ते राखण्याचे दायित्व कंपनीवर टाकले. शेजारच्या कुरणातील जनावर रुळावर येऊ नये ही जबाबदारी कंपनीची, असा त्याचा आशय होता. अमेरिकेतील मार्ग विस्तीर्ण व ओसाड प्रदेशांतून जात. तेथे सर्वत्र कुंपण घालणे शक्य नव्हते. तेथे इंजिनाच्या पुढील भागासच जनावर बाजूस सारणारा तिरकस लोखंडी सांगाडा बसविण्यात आला. तोच 'काउकॅचर' होय. अशा साधनाची सूचना गणिती चार्ल्स बॅबेज यांनी लिव्हरपूल–मँचेस्टर मार्गाच्या आरंभकाळी केली होती. परंतु ती रुजली अमेरिकेत, १८३० नंतरच्या दशकात. एका देशाने मार्गाचे रक्षण केले, दुसऱ्याने इंजिनाचे. काउकॅचरचा हेतू जनावराचा जीव वाचविणे हा नव्हता. त्याचे धूड चाकांखाली जाऊन गाडी घसरू नये, एवढाच होता.

हिंदुस्थानात या दोन्ही परंपरा अर्ध्यामुर्ध्या आल्या. १८९० च्या रेल्वे कायद्याने कुंपण घालावयास लावण्याचा अधिकार सरकारकडे ठेवला; इंग्लंडप्रमाणे सरसकट बंधन घातले नाही. त्याच कायद्याच्या १२५ व्या कलमान्वये, गुरांना अटकाव करील असे कुंपण असलेल्या लोहमार्गावर जनावर भटकत आल्यास त्याच्या धन्यास दर जनावरामागे पाच रुपयांपर्यंत, आणि जाणूनबुजून रुळावर हाकल्यास दहा रुपयांपर्यंत दंड ठरविण्यात आला. १८७१ च्या गुरांच्या अतिक्रमणाविषयीच्या कायद्याने कोंडवाड्याची व्यवस्था आधीच केलेली होती. त्या कायद्याखालील वसुली या दंडाहून निराळी होती.

या कलमाची रचना बारकाईने पाहण्यासारखी आहे. पहिला दंड लागू होण्यास कुंपणाची अट आहे. जेथे कुंपण नाही तेथे भटकलेल्या जनावराबद्दल या कलमाने धनी दोषी ठरत नाही, आणि कुंपण घातले नाही म्हणून कंपनीही दोषी ठरत नाही. देशातील बहुतेक मार्ग कुंपणावाचूनच होते; तेव्हा मैलोगणती लांबीवर टक्कर टाळण्याची जबाबदारी कायद्याच्या दृष्टीने कोणाचीच नव्हती. उरला तो इंजिनचालकाचा डोळा, त्याची शिटी आणि गँगमनची गस्त.

हैदराबाद संस्थानात याला आणखी एक पदर होता. लोहमार्गाच्या भूमीपुरता काही अधिकार ब्रिटिश सरकारकडे दिलेला होता. रुळांपलीकडच्या शेतात मात्र निजामाचा अंमल चाले. बैल निजामाच्या रयतेचा, शेत निजामाच्या राज्यातले, आणि तो मेला ती जागा मात्र निराळ्या अधिकाराखालची. रुळावर मेलेल्या बैलाची भरपाई मागावयास जाणे म्हणजे आपले जनावर अतिक्रमण करीत होते अशी कबुली देणे होय. तेव्हा अशा कायद्याखाली शेतकरी धनी म्हणून पुढे न येणेच पसंत करील, हे साहजिक होते. गोधन हेच ज्याचे भांडवल त्याचे नुकसान झाले तरी ते कागदावर उतरण्याचा मार्ग अशा रीतीने अरुंद झाला.

४

असे असूनही पहिली सुमारे नऊ दशके हा प्रश्न उग्र झाला नाही, याचे श्रेय कायद्यापेक्षा मीटरगेजला द्यावे लागेल. १,००० मिलिमीटर रुंदीच्या या मार्गावर गाड्या थोड्या आणि त्यांचा वेग मर्यादित असे. सर्वसाधारणपणे ताशी ७५ किलोमीटर ही मीटरगेज गाड्यांची वरची मर्यादा होती, आणि प्रत्यक्षात त्या याहून पुष्कळ सावकाश धावत. वाफेच्या इंजिनाचा धडधडाट दुरून ऐकू येई. जनावरास बाजूस होण्यास व चालकास गाडी आवरण्यास अवसर मिळे.

१९३० साली निजाम सरकारने कंपनी आपल्या ताब्यात घेतली. १९५१ साली मध्य रेल्वेत व १९६६ साली दक्षिण मध्य रेल्वेत या मार्गाचा समावेश झाला. या सर्व स्थित्यंतरांत रुळ व वेग यांत मूलगामी फरक पडला नाही. तो पडला १९९० नंतरच्या दशकात, गेज-एकीकरणाच्या धोरणानुसार हा मार्ग १,६७६ मिलिमीटरचा ब्रॉडगेज झाला तेव्हा. पुढे त्याचे विद्युतीकरण झाले. ३० डिसेंबर २०२३ रोजी जालना–मुंबई वंदे भारत एक्स्प्रेस सुरू झाली. २०२५ साली ती नांदेडपर्यंत वाढविण्यात आली.

वेगाचा परिणाम सरळ प्रमाणात होत नाही, ही येथील कळीची गोष्ट आहे. गाडीची गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी ७५ किलोमीटरचा वेग ११० झाला, तर वेगातील वाढ निम्म्याहून कमी दिसते. पण त्याच वजनाच्या गाडीची ऊर्जा दुपटीहून अधिक होते आणि थांबण्यास लागणारे अंतरही त्याच मानाने वाढते. रात्री इंजिनाच्या दिव्याच्या झोतात रोही दिसेपर्यंत ते अंतर बहुधा संपलेले असते. झोताने दिपलेले जनावर पुष्कळदा जागीच खिळून राहते. आणि जेथे मार्ग खोदाईतून जातो तेथे दोन्ही बाजूंच्या चढांमुळे ते रुळांवरूनच पुढे पळू लागते. विजेवर चालणारी गाडी त्या मानाने कमी आवाज करीत येते, हा आणखी एक तोटा.

गेजबदलाचा हा परिणाम अन्यत्र मोजला गेलेला आहे. उत्तर बंगालमधील सिलिगुडी–अलिपूरद्वार मार्ग मीटरगेज असताना १९७४ ते २००२ या काळात २७ हत्ती गाड्यांखाली मेल्याची नोंद आहे. २००४ च्या सुमारास तो ब्रॉडगेज झाल्यानंतरच्या दशकात ही संख्या पुष्कळच वाढली. जालन्यात हत्ती नाही; पण कारणपरंपरा तीच आहे.

५

येथवर मालकीच्या गुरांचा विचार झाला. रानटी जनावरांची कथा निराळी आहे. १८९० च्या कायद्यात दंडास पात्र होण्यासाठी धनी लागतो. काळविटास व रोह्यास धनी नाही. म्हणून त्यांच्या मृत्यूची दखल लोहमार्गाच्या कायद्याने घेण्याचे कारणच नव्हते. गाडी घसरली किंवा खोळंबली तरच त्यांचा उल्लेख व्हावयाचा. एरवी गँगमनने धूड रुळांबाजूस ओढले की प्रकरण संपले.

ही स्थिती निदान तत्त्वतः पालटली ती १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने. महाराष्ट्र दुष्काळाने होरपळत असतानाच हा कायदा संसदेने संमत केला, हा एक योगायोग. त्याच्या पहिल्या अनुसूचीत काळवीट आले. पण त्याहून प्रस्तुत विषयास महत्त्वाचे आहे ते त्याचे ३९ वे कलम : मृत आढळलेला वन्य प्राणी राज्य शासनाची मालमत्ता होय, असे त्याने ठरविले. जिवंतपणी निर्धनी असलेल्या काळविटास मेल्यानंतर का होईना, धनी मिळाला. तेव्हापासून रुळावर मेलेल्या हरणाचा पंचनामा वनखात्याने करावयाचा, असा क्रम सुरू झाला.

या नव्या मालकीचे सामर्थ्य कोठवर जाऊ शकते याचे उदाहरण आसामात घडले. सप्टेंबर २०२० मध्ये लामडिंगच्या जंगलात एक हत्तीण व तिचे पिल्लू इंजिनाखाली मेले. पुढील महिन्यात तेथील वनखात्याने ते इंजिनच जप्त केले. सरकारच्या एका खात्याने दुसऱ्या खात्याचे इंजिन जप्त करावे, हे दृश्य विलक्षण खरे; परंतु धनी कोण हे निश्चित झाल्यावर जबाबदारी विचारणारा पुढे येतो, हा निष्कर्ष त्यातून निघतो.

जालन्यात मात्र हा धनी दुबळा राहिला. राज्यातील अत्यल्प वनक्षेत्र असलेल्या जिल्ह्यांत जालन्याची गणना होते. येथील काळवीट, रोही व रानडुक्कर हे वनात नाहीत. तूर, कपाशी, ज्वारी यांच्या शेतांत, नाल्यांच्या काठच्या झुडपांत आणि रुळांलगतच्या गवतात राहतात. प्राण्यास संरक्षण आहे, त्याच्या जागेस नाही. शिवाय पीक खाणारे जनावर म्हणून शेतकऱ्याची सहानुभूतीही त्यास नाही. कुंपणाने अडवावे, फटाक्यांनी हाकलावे, हाच शेतकऱ्याचा व्यवहार, आणि त्यात त्यास दोष देता येत नाही. शेतातून हाकललेला रोही रात्री रुळांकडेच वळतो.

६

निवारणाचे उपाय ज्ञात नाहीत असे मुळीच नाही. ते कोणासाठी व केव्हा योजले गेले हे पाहिले म्हणजे प्रस्तुत निबंधाचे सूत्र अधिक स्पष्ट होते.

ऑक्टोबर २०२२ मध्ये गांधीनगर–मुंबई वंदे भारत गाडीची महिनाभरात तीन वेळा गुराढोरांशी टक्कर होऊन तिच्या नाकाडाची मोडतोड झाली. त्यानंतर पश्चिम रेल्वेने मुंबई–अहमदाबाद मार्गावर सुमारे ६२० किलोमीटर लांबीचे लोखंडी कुंपण हाती घेतले. त्यास सुमारे २४५ कोटी रुपये खर्च ठरला होता. १८४५ साली इंग्लंडने कंपनीवर टाकलेले दायित्व येथे पावणेदोनशे वर्षांनी एका मार्गापुरते स्वीकारले गेले, आणि तेही नव्या गाडीच्या मोलामुळे. कुंपण असले तरी ते राखले पाहिजे, हा धडा इंग्लंड-स्कॉटलंडनेही महाग किमतीत घेतला : ३० जुलै १९८४ रोजी पोलमाँट येथे रुळावर शिरलेल्या एका गाईमुळे गाडी घसरून १३ माणसे दगावली.

हत्तींच्या बाबतीत केंद्र शासनाच्या आकडेवारीनुसार २००९-१० ते २०२०-२१ या काळात देशात १८६ हत्ती गाड्यांखाली मेले. त्यानंतर मधमाश्यांचा आवाज ऐकवून हत्तींना दूर ठेवणारी यंत्रे आणि रुळांलगतच्या प्रकाशतंतूंच्या कंपनांवरून हत्तीची चाहूल देणारी व्यवस्था यांचा ईशान्य सीमा रेल्वेवर अधिक विस्ताराने अवलंब होऊ लागला. महाराष्ट्रात १५ नोव्हेंबर २०१८ रोजी चंद्रपूर जिल्ह्यात जुनोण्याजवळ बल्लारशा–गोंदिया मार्गावर वाघाचे तीन बछडे गाडीखाली मेले तेव्हा राज्यभर हळहळ व्यक्त झाली. अकोला–खंडवा मीटरगेजच्या रुंदीकरणाचा प्रश्न आला तेव्हा मेळघाट व्याघ्र प्रकल्पातून तो नेऊ नये यासाठी मोठा वाद झाला आणि पर्यायी मार्गाचा विचार पुढे आला. हत्ती, वाघ आणि मौल्यवान गाडी यांचे कैवारी होते. सपाट शेतातील काळविटास असा कैवारी मिळाला नाही.

विरोधाभास असा की, जालना जिल्ह्यातच याच्या उलट उदाहरण उपलब्ध आहे. नागपूर–मुंबई समृद्धी महामार्ग या जिल्ह्यातून जातो. त्याचा नागपूर–शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला. त्याच्या आखणीतच वन्य प्राण्यांसाठी उपरिमार्ग व अधोमार्ग योजले गेले. पेंचच्या जंगलातील राष्ट्रीय महामार्गावर अशी नऊ बांधकामे झाली असून त्यांतील सर्वांत मोठे ७५० मीटर लांबीचे आहे. त्यांखालून वाघासह अठरा जातींचे प्राणी जात असल्याचे भारतीय वन्यजीव संस्थेच्या कॅमेऱ्यांनी टिपले. रस्त्यास जे मान्य झाले ते लोहमार्गास का झाले नाही, याचे एक कारण नियमांत आहे. पर्यावरणीय परिणामांच्या मूल्यांकनाविषयीच्या २००६ च्या अधिसूचनेत नव्या महामार्गांचा अंतर्भाव आहे, लोहमार्गांचा नाही. वनभूमी किंवा अभयारण्य लागल्यासच लोहमार्गाचा विषय वनखात्याकडे जातो. शेतजमिनीतून जाणाऱ्या लोहमार्गाविषयी, तेथे काळविटांचे कळप असले तरी, कोणी विचारावे असे बंधन नाही.

७

वरील विवेचनाचा निष्कर्ष केवळ भूतकाळापुरता नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने १७४ किलोमीटरच्या जालना–जळगाव या नव्या मार्गास मंजुरी दिली. तो भोकरदन, सिल्लोड या बाजूने अजिंठ्याच्या डोंगररांगेकडे जावयाचा आहे. २०२५ साली छत्रपती संभाजीनगर–परभणी मार्गाच्या दुहेरीकरणासही मंजुरी मिळाली. दुसरा रुळ पडला म्हणजे जनावरास ओलांडावयाची रुंदी वाढते, गाड्या वाढतात, आणि एका गाडीपासून पळालेले जनावर दुसऱ्या गाडीसमोर येण्याचा संभव उत्पन्न होतो. १९०१ च्या सुमारास या भूमीवर जी रेघ ओढली गेली तिच्या शेजारी आता दुसरी रेघ ओढली जात आहे; पहिल्या वेळी जो प्रश्न विचारला गेला नाही तो या वेळी विचारता येण्याजोगा आहे.

इतिहास येथे दोन गोष्टी सुचवितो. पहिली नोंदीविषयी. गस्त घालणाऱ्या गँगमनला प्रत्येक मोरी, प्रत्येक खोदाई आणि जनावरे ओलांडतात त्या जागा ठाऊक असतात. परंतु हे ज्ञान त्याच्या निवृत्तीबरोबर लोप पावते. कोणत्या किलोमीटरवर, कोणत्या महिन्यात, कोणते जनावर मेले याची नोंद लोहमार्ग व वनखाते यांनी एकत्र ठेवली, तर कुंपण कोठे व वाट कोठे हे ठरविण्यास आधार मिळेल. अशा आधाराशिवाय घातलेले सलग कुंपण कळपांची वाट तोडते आणि तुटलेल्या जागी त्यांना गोळा करते. दुसरी गोष्ट मोऱ्यांविषयी. पावसाचे पाणी जाण्यासाठी भरावाखाली मोऱ्या बांधाव्याच लागतात. त्यांतील काही थोड्या उंच व रुंद केल्या, तळ कोरडा राहील असा पट्टा ठेवला, आणि दोन्ही बाजूंच्या कुंपणाने जनावरास त्यांकडे वळविले, तर पाण्याची वाट हीच जनावराची वाट होऊ शकते. नव्या बांधणीच्या वेळी हा खर्च अल्प असतो. भराव पूर्ण झाल्यावर तोच अनेक पटींनी वाढतो.

धनी कोण, या प्रश्नाने सव्वाशे वर्षे या व्यवस्थेला वळण दिले. बैलाचा धनी दंडाला भ्याला, काळविटाचा धनी मृत्यूनंतर उपस्थित झाला, आणि मार्गाच्या धन्याने कुंपण ऐच्छिक मानले. फिरोजाबादच्या रात्री ज्यांचे प्राण गेले त्यांनी मात्र दाखवून दिले की, रुळावर उभ्या असलेल्या जनावराची जबाबदारी ज्या दिवशी कोणाचीच नसते त्या दिवशी ती प्रवाशाच्या माथी येते.